संभाजी महाराजांची चरित्रे

संभाजी महाराजांची चरित्रे म्हणजे मराठ्यांचे दुसरे छत्रपती संभाजीराजे (१६५७–१६८९) यांच्या जीवनावर व कारकिर्दीवर लिहिले गेलेले बखरवाङ्मय, इतिहासग्रंथ व संशोधनपर चरित्रे होत. या विषयावरील नाटके, कादंबऱ्या व चित्रपट काटेकोरपणे चरित्रात मोडत नाहीत. तथापि जनमानसातील संभाजी महाराजांची प्रतिमा बव्हंशी त्यांनीच घडविल्यामुळे त्यांचाही विचार येथे केला आहे. मराठी राजपुरुषांच्या चरित्रांमध्ये या चरित्रांचे स्थान वेगळे आहे. अवघ्या नऊ वर्षांच्या कारकिर्दीचा हा राजा सुमारे दीडशे वर्षे व्यसनी आणि उतावळा म्हणून वाचला गेला आणि त्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांत पराक्रमी, विद्वान व स्वाभिमानी म्हणून. दोन्ही चित्रे ग्रंथांतूनच आली असल्याने, कोणता ग्रंथ कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे लिहिला हे पाहिल्यावाचून यांपैकी कोणतेही चरित्र नीट वाचता येत नाही.

संक्षिप्त जीवनपट

संभाजीराजांचा जन्म ज्येष्ठ शुद्ध १२, शके १५७९ (१४ मे १६५७) रोजी पुरंदर किल्ल्यावर झाला. ते दोन वर्षांचे असतानाच मातोश्री सईबाई यांचे निधन झाले. १६६६ मध्ये ते शिवाजी महाराजांबरोबर आग्र्यास गेले होते. डिसेंबर १६७८ मध्ये ते मोगल सरदार दिलेरखानास जाऊन मिळाले व सुमारे वर्षभराने पन्हाळ्यास परतले. शिवाजी महाराजांच्या निधनानंतर (३ एप्रिल १६८०) रायगडावरील काही मंत्र्यांनी राजारामांना गादीवर बसविले. परंतु सरसेनापती हंबीरराव मोहिते संभाजीराजांच्या बाजूस राहिल्याने हा बेत फसला. १६ जानेवारी १६८१ रोजी संभाजी महाराजांचा विधिवत राज्याभिषेक झाला. औरंगजेब दक्षिणेत उतरल्यावर मोगल, सिद्दी व पोर्तुगीज या तिघांशी त्यांना एकाच वेळी झुंजावे लागले. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे मुकर्रबखानाने त्यांना पकडले आणि फाल्गुन अमावास्या, शके १६१० (११ मार्च १६८९) रोजी भीमा-इंद्रायणीच्या संगमानजीक त्यांची व कवी कलशाची हत्या करण्यात आली.

समकालीन साधने

संभाजी महाराजांच्या दरबारात त्यांचे सविस्तर मराठी चरित्र लिहिले गेल्याचे आढळत नाही. शिवाजी महाराजांना कृष्णाजी अनंत सभासदासारखा बखरकार लाभला; तो त्यांच्या पदरी राहिलेला होता आणि त्याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे लेखन केले. संभाजी महाराजांच्या वाट्याला असा लेखक आला नाही. नऊ वर्षे अखंड युद्धात गेलेल्या आणि राजधानीच शत्रूच्या हाती पडलेल्या राज्यात हे अस्वाभाविक नव्हते. परंतु या एका उणिवेचा परिणाम पुढे दीर्घकाळ भोगावा लागला.

तरीही समकालीन साधने अगदीच थोडी नाहीत. ती विखुरलेली आहेत इतकेच. जेधे शकावली हे त्यांतील सर्वांत उपयुक्त मराठी साधन. कारी येथील जेधे घराण्याकडे असलेली ही तिथीवार टिपणांची वही लोकमान्य टिळकांना मिळाली व १९१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. शकावलीत वर्णन नसते, टीका नसते, स्तुतीही नसते. अमुक मितीस अमुक घडले एवढीच नोंद असते. राजचरित्राच्या वाचकाला हा कोरडेपणा प्रथम कंटाळवाणा वाटतो. मात्र रसाळ बखरीतील कालविपर्यास उघडकीस आणण्यास अशीच एखादी कोरडी ओळ पुरेशी ठरते.

संभाजी महाराजांचे स्वतःचे म्हणता येईल असे लेखनही उपलब्ध आहे. १६८० मध्ये नामदेवभट बाकरे यांना दिलेले संस्कृत दानपत्र, अंबरच्या रामसिंगास लिहिलेले संस्कृत पत्र आणि ‘बुधभूषण’ हा त्यांच्या नावाचा संस्कृत राजनीतिपर ग्रंथ ही त्यांतील प्रमुख होत. बुधभूषण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२६ मध्ये प्रसिद्ध केला. राजा विद्याविन्मुख होता या समजुतीशी हे लेखन जुळत नाही.

फारसी साधनांत भीमसेन सक्सेना व ईश्वरदास नागर यांचे ग्रंथ, साकी मुस्तैदखानाचा ‘मआसिर-इ-आलमगिरी’ आणि खाफीखानाचा इतिहास यांचा समावेश होतो. हे सर्व लेखक मोगल पक्षाचे. त्यामुळे त्यांनी शत्रूला लावलेली विशेषणे जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत. मात्र छावण्यांच्या हालचाली, नेमणुका, मनसबी यांच्या नोंदींत त्यांना खोटे लिहिण्याचे विशेष कारण नव्हते. इंग्रज वखारीचा पत्रव्यवहार व्यापाऱ्याच्या नजरेने लिहिलेला आहे. त्यात अफवा पुष्कळ आहेत. पण अफवा कोणत्या महिन्यात पसरली होती हे त्यावरून कळते, आणि त्यालाही पुराव्यात स्थान आहे. गोव्यातील पोर्तुगीज दप्तर विशेष महत्त्वाचे आहे. नोव्हेंबर १६८३ मधील फोंड्याचा वेढा, त्यानंतर मराठ्यांनी घेतलेले जुवे बेट आणि व्हाइसरॉय कौंट आल्व्होरची झालेली धांदल यांची माहिती पराभूत पक्षाच्याच कागदांत मिळते. गोव्याचे इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांनी हे दप्तर अभ्यासून मराठी वाचकांपुढे आणले.

चिटणीस बखर आणि तिचा प्रभाव

संभाजी महाराजांच्या विपरीत चित्रणाचा उगम प्रामुख्याने मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीत मानला जातो. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, सातारच्या छत्रपतींच्या आश्रयाने लिहिली गेली. म्हणजे संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर तिच्या लेखनापर्यंत सव्वाशे वर्षांच्या आसपास काळ लोटला होता. त्या काळातील व्यक्तींना पाहिलेला एकही मनुष्य तेव्हा हयात असणे शक्य नव्हते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट लेखकाच्या कुळाशी निगडित आहे. मल्हार रामराव हे शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे वंशज. १६८१ मध्ये संभाजी महाराजांविरुद्ध झालेल्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून बाळाजी आवजींना देहदंड देण्यात आला. आपल्या मूळपुरुषाचा वध करणाऱ्या राजाचे चरित्र वंशजाने लिहावे आणि त्यात कटुता उतरू नये, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही. चिटणिसांनी मुद्दाम खोटे लिहिले असे म्हणण्याचेही कारण नाही. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जे सांगितले गेले तेच त्यांनी लिहिले असावे. कुलपरंपरा अन्यायाची आठवण जपते. प्रतिपक्षाचे म्हणणे ती जपत नाही.

ही बखर एका घराण्यापुरती राहिली असती तर तिचा परिणाम मर्यादित झाला असता. परंतु १८१८ नंतर साताऱ्यास नेमणुकीवर असलेल्या ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास लिहिताना मराठी बखरींचा आधार घेतला. त्याचा तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचे मराठी भाषांतर झाले आणि शाळांतील क्रमिक पुस्तकांपर्यंत त्याची छाया पोहोचली. बखरीतील विधान इंग्रजी ग्रंथात गेले, तेथून ते मराठीत परत आले आणि परतताना त्याला प्रमाणग्रंथाची प्रतिष्ठा मिळाली. पुढच्या लेखकांना बखर व ग्रँट डफ हे दोन स्वतंत्र साक्षीदार वाटले. वस्तुतः अनेक ठिकाणी दुसरा साक्षीदार पहिल्याचेच बोलणे पुन्हा सांगत होता.

विसाव्या शतकातील थोर इतिहासकारही या परंपरेतून पूर्णपणे सुटले नाहीत. जदुनाथ सरकार यांच्या औरंगजेबाच्या इतिहासात संभाजी महाराजांविषयीचा सूर प्रतिकूल आहे. गो. स. सरदेसाई यांनी मराठी रियासतीतील या कालखंडाच्या ग्रंथाला ‘उग्रप्रकृति संभाजी’ असे नाव दिले. पुढील ग्रंथाचे नाव ‘स्थिरबुद्धि राजाराम’. या दोन विशेषणांतच दोन भावांविषयीचा निवाडा आलेला आहे. सरदेसायांचे कागदपत्रांचे ज्ञान वादातीत होते, आणि मूळ ग्रंथात महाराजांच्या धडाडीची व कष्टांची नोंदही आहे. पण वाचकाच्या लक्षात राहते ते ग्रंथाचे नाव.

रंगभूमी आणि रजतपट

राम गणेश गडकरी यांचे ‘राजसंन्यास’ हे अपूर्ण राहिलेले नाटक, वि. ह. औंधकर यांचे ‘बेबंदशाही’ (१९२४) आणि भालजी पेंढारकर यांचा ‘थोरातांची कमळा’ (१९४१) हा चित्रपट या कृती बखरीने घडविलेल्या प्रतिमेच्या छायेत निर्माण झाल्या. कमळेच्या कथेस समकालीन कागदपत्रांचा आधार नाही. या कलाकृतींच्या लेखकांना त्या काळी उपलब्ध असलेला इतिहासच तसा होता, हे त्यांचे मूल्यमापन करताना ध्यानात घ्यावे लागते. तसे न घेतल्यास काय होते याचे उदाहरण जानेवारी २०१७ मध्ये दिसले: पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा अर्धपुतळा ‘राजसंन्यास’मधील चित्रणाच्या रोषापायी उखडून टाकण्यात आला. नाटककाराच्या निधनाला तेव्हा ९८ वर्षे होत आली होती.

वसंत कानेटकर यांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) या नाटकात पिता-पुत्रांतील तणावाला मध्यवर्ती स्थान दिले. नंतरच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकात महाराजांचा अखेरचा काळ आला आहे. या दोन नाटकांपर्यंत रंगभूमीवरील संभाजी पालटू लागला होता. कारण दरम्यान बेंद्रे यांचे चरित्र प्रसिद्ध झाले होते.

वा. सी. बेंद्रे यांचे चरित्र

वासुदेव सीताराम बेंद्रे (१८९४–१९८६) यांचा ‘छत्रपती संभाजी महाराज’ हा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागे सुमारे चार दशकांचे संशोधन होते. बेंद्रे भारत इतिहास संशोधक मंडळाच्या परंपरेतील संशोधक. मूळ कागद पाहिल्याशिवाय लिहायचे नाही ही त्या परंपरेची शिस्त होती, आणि त्यासाठी ते इंग्लंडपर्यंत जाऊन आले. वढू बुद्रुक येथील महाराजांच्या समाधीच्या शोधाशीही त्यांचे नाव जोडले जाते.

बेंद्रे यांनी केलेली मूलभूत गोष्ट साधी होती. बखरीतील प्रत्येक आरोप त्यांनी तिथीच्या कसोटीवर घासून पाहिला. अमुक प्रसंग घडला असे बखर म्हणते तेव्हा महाराज कोठे होते? ज्या व्यक्तीविषयी आरोप आहे ती त्या दिवशी हयात होती काय? अशा प्रश्नांपुढे अनेक कथा गळून पडल्या. चिटणिसांच्या कौटुंबिक पूर्वग्रहाचा मुद्दाही त्यांनी ठामपणे मांडला.

हा ग्रंथ वाचणे सोपे नाही. अवतरणे, तळटीपा व खंडनमंडन यांनी तो भरलेला आहे, आणि कथा ऐकण्याच्या अपेक्षेने आलेला वाचक पहिल्या पन्नास पानांत थकण्याचा संभव आहे. शिवाय बेंद्रे काही ठिकाणी नायकाच्या वकिलाची भूमिका घेतात, हेही नमूद केले पाहिजे. दीडशे वर्षे एकाच पक्षाचे म्हणणे ऐकले गेल्यावर हे घडणे समजण्यासारखे आहे; तथापि वकिलाचे भाषण आणि न्यायाधीशाचा निकाल यांतील भेद वाचकाने राखावयाचा असतो.

त्यानंतरच्या अभ्यासांत कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ (१९७१) हे विशेष उल्लेखनीय होय. हे चरित्र पीएच.डी.च्या प्रबंधातून सिद्ध झाले असून त्याची मांडणी अधिक संयत आहे. एकच संशोधनपर चरित्र वाचावयाचे असल्यास विद्यार्थ्यास हेच अधिक सोयीचे पडेल. जयसिंगराव पवार व सदाशिव शिवदे यांनीही या विषयावर विपुल लेखन केले आहे.

एक कसोटी: सोयराबाईंचा मृत्यू

चरित्रे तुलनेने कशी वाचावीत हे एका प्रसंगावरून स्पष्ट होते. संभाजी महाराजांनी रायगड ताब्यात घेताच सावत्र मातोश्री सोयराबाईंना भिंतीत चिणून ठार केले, ही कथा बखरीतून व त्यावर आधारलेल्या लेखनातून दीर्घकाळ प्रचलित होती. महाराज रायगडावर आले ते १६८० च्या उन्हाळ्यात. सोयराबाईंचा मृत्यू मात्र ऑक्टोबर १६८१ मधला आहे. म्हणजे दोहोंमध्ये सव्वा वर्षाचे अंतर पडते. या अवधीत, १६८० मध्येच, दिलेल्या बाकरे दानपत्रात महाराज याच मातोश्रींचा उल्लेख निर्मळ अंतःकरणाची राजपत्नी अशा आशयाच्या आदरयुक्त शब्दांत करतात. गडावर येताच जिचा क्रूरपणे वध केला तिच्याविषयी त्याच वर्षी असे लिहिले जाणे असंभवनीय आहे. त्यामुळे भिंतीची कथा टिकत नाही.

पण चिकित्सक वाचन एवढ्यावर थांबत नाही. प्रारंभी महाराजांनी विरोधी मंत्र्यांना क्षमा केली, अण्णाजी दत्तोंना पुन्हा अधिकारपद दिले, हे खरे. १६८१ मध्ये त्यांच्यावर विषप्रयोगाचा कट झाल्याची बातमी इंग्रजांच्या पत्रव्यवहारात आहे, आणि आश्रयास आलेल्या शाहजादा अकबरालाही कटवाल्यांनी गाठले होते. त्यानंतर अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी व इतरांना कठोर शिक्षा झाल्या. सोयराबाईंचा मृत्यू याच सुमाराचा आहे. तो स्वाभाविक होता, आत्मघात होता की आणखी काही, याविषयी चरित्रकारांत मतैक्य नाही. ‘कथा खोटी ठरली’ आणि ‘सर्व काही निष्कलंक ठरले’ ही दोन विधाने एकच नव्हेत. नव्या लोकप्रिय चरित्रांत पहिल्यावरून दुसऱ्यावर घेतलेली उडी वारंवार आढळते.

दिलेरखान प्रकरणाविषयीही असेच म्हणता येईल. हे सर्व शिवाजी महाराजांच्या संमतीने आखलेले गुप्त राजकारण होते, असा एक मतप्रवाह आहे. तो ऐकावयास सुखद असला, तरी त्याला समकालीन लेखी पुराव्याचा आधार नाही. शिवाय भूपाळगड पडल्याची घटना त्या मताच्या आड येते. घरातील वारसाहक्काचा कलह, मंत्र्यांशी वितुष्ट आणि एकवीस वर्षांचे वय या गोष्टी लक्षात घेतल्या तर प्रसंगाचा उलगडा त्यावाचूनही होतो. ज्या पुत्राने वर्षभरात चूक उमगून परत येण्याचे धैर्य दाखविले, त्याच्या चरित्रातून ती चूकच पुसून टाकल्याने त्याचे मोठेपण वाढत नाही.

गौरवाची अतिशयोक्ती

जुन्या चरित्रांत दोष वाढविलेले दिसतात, तर अलीकडच्या लेखनात गुण. महाराजांनी १२० लढाया केल्या व त्यांपैकी एकही ते हरले नाहीत, हे विधान भाषणांतून व पुस्तिकांतून सर्रास आढळते. समकालीन साधनांत अशी गणती नाही. १६८२ चा जंजिऱ्याचा वेढा यशस्वी झाला नाही, हे तर सर्व साधनांवरून स्पष्ट आहे. दुसरीकडे नाशिकजवळील रामसेज या एका लहान किल्ल्याने मोगलांना वर्षानुवर्षे दाद दिली नाही, हे पूर्णपणे कागदोपत्री सिद्ध असलेले यश मात्र अशा पुस्तिकांत एखाद्या ओळीत उरकले जाते.

महाराजांच्या मृत्यूचा अर्थ हाही सतत वादाचा विषय आहे. फारसी साधनांपैकी काहींत खजिन्याचा ठावठिकाणा आणि फितूर मोगल सरदारांची नावे यांविषयी त्यांना विचारणा झाल्याचे येते. धर्मांतराचा प्रस्ताव व त्यावरील बाणेदार उत्तर ही कथा मराठी बखरींत विस्ताराने येते. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना ‘धर्मवीर’ म्हणावे की ‘स्वराज्यरक्षक’ यावरून महाराष्ट्र विधिमंडळातील वक्तव्याने मोठा वाद उद्भवला. त्या वादात मूळ साधनांचा उल्लेख फारसा झाला नाही. शारीरिक छळ सोसूनही ते औरंगजेबापुढे नमले नाहीत, याबद्दल मात्र मोगल पक्षाच्या लेखकांच्या वृत्तांतावरूनही शंका राहत नाही.

कादंबरी आणि चरित्र

शिवाजी सावंत यांची ‘छावा’ (१९७९) आणि विश्वास पाटील यांची ‘संभाजी’ (२००५) या कादंबऱ्यांनी संशोधकांचे निष्कर्ष घराघरांत पोहोचविले. बेंद्रे व गोखले यांचे ग्रंथ जेथे गेले नसते तेथे या कादंबऱ्या गेल्या. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही दूरचित्रवाणी मालिका (२०१७–२०२०) आणि ‘छावा’वर आधारलेला याच नावाचा हिंदी चित्रपट (२०२५) यांनी तो वाचकवर्ग प्रेक्षकवर्गात रूपांतरित करून कितीतरी पटींनी वाढविला.

कादंबरीकाराला संवाद रचण्याची मुभा असते. चरित्रकाराला ती नसते. हा भेद स्वयंस्पष्ट वाटला तरी व्यवहारात तो पुसला जातो. कादंबरीतील वाक्य महाराजांचे उद्गार म्हणून फलकांवर लिहिले जाते, शालेय निबंधांत उद्धृत होते आणि कालांतराने एखाद्या चरित्रातही शिरते. येसूबाईंच्या तोंडी घातलेले पुष्कळसे संवाद या प्रकारचे आहेत. वस्तुतः येसूबाईंचे कर्तृत्व, म्हणजे रायगडावरून राजारामांना निसटू देऊन स्वतः मागे राहण्याचा निर्णय व त्यानंतरचा दीर्घ बंदिवास, कोणत्याही कल्पित संवादाच्या कुबडीवाचून उभे राहते.

तिथी आणि तारखा

निरनिराळ्या चरित्रांत एकाच घटनेच्या दोन तारखा आढळल्यास लगेच त्यांतील एक चुकीची मानू नये. मराठी कागदांत शालिवाहन शक व तिथी असते. शकात ७८ मिळविले की इसवी सन मिळतो. मात्र पौष ते फाल्गुन या महिन्यांत येणाऱ्या जानेवारी-मार्चमधील घटनांसाठी ७९ मिळवावे लागतात. राज्याभिषेकाची मिती माघ शुद्ध ७, शके १६०२ अशी आहे. ७८ मिळविल्यास १६८० येईल, परंतु खरे वर्ष १६८१ आहे. घाईने केलेल्या अशा बेरजेमुळे काही पुस्तकांत घटना वर्षभर मागे सरकल्या आहेत.

दुसरा घोळ इंग्रजी तारखांचा. सतराव्या शतकात इंग्रज जुनी ज्युलियन कालगणना वापरीत, तर पोर्तुगीजांनी १५८२ पासून सुधारित ग्रेगोरियन कालगणना स्वीकारली होती. त्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. मराठी इतिहासग्रंथांतील रूढ तारखा साधारणतः ज्युलियन आहेत. म्हणून गोव्याच्या स्वारीची हकिकत पोर्तुगीज कागदांवरून लिहिणारा आणि इंग्रजी पत्रांवरून लिहिणारा असे दोन लेखक एकाच लढाईला दहा दिवसांच्या अंतराने दोन तारखा देऊ शकतात, आणि दोघेही बरोबर असतात. मराठी पत्रांतील सुहूर सनासाठी ५९९ किंवा, जानेवारीपासून मेपर्यंतच्या घटनांस, ६०० मिळवावे लागतात. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते, म्हणून त्यास मृगसाल असेही म्हणत.